'साहेब नाहीत, उद्या या' म्हटलं तर? शिपायापासून एसपीपर्यंत कोणाचं काम काय, समजून घ्या

मागच्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. ठाण्यात गेलो तर एकच उत्तर, "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." असे तीन हेलपाटे झाले. नंतर एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, की साहेब बाहेर असले तरी ठाणं बिनसाहेबाचं नसतं. हे आधी माहीत असतं तर तीन दिवसांची मजुरी आणि पेट्रोल वाचलं असतं. म्हणून आपल्या ग्रामीण भागात पोलिसांची उतरंड कशी असते, ते सोप्या भाषेत देतो.

गावात: पोलीस पाटील
पोलीस पाटील हे पोलीस दलातले नोकर नाहीत. त्यांची नेमणूक महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली होते. गावातल्या घडामोडींची खबर ठाण्याला देणं आणि तपासात मदत करणं हे त्यांचं काम. आधी त्यांना कळवणं चांगलंच, पण त्यांच्याकडं गेल्याशिवाय तक्रार घेत नाही, असं ठाण्याला म्हणता येत नाही.

ठाण्यात: शिपाई ते जमादार
सगळ्यात खाली पोलीस शिपाई, त्यावर हवालदार (बाहीवर तीन फिती), त्यावर सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणजे एएसआय (खांद्यावर एक स्टार). हवालदार आणि एएसआय यांना आपल्याकडं जमादार म्हणायची सवय आहे. ठाण्यात शिरल्यावर टेबलावर जे बसलेले असतात ते ठाणे अंमलदार. तक्रार आधी तेच ऐकतात आणि स्टेशन डायरीत नोंद करतात. आपल्या गावाची जबाबदारी ज्यांच्याकडं असते ते बीट अंमलदार. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

फौजदार ते पीआय
पोलीस उपनिरीक्षक म्हणजे पीएसआय, आपला फौजदार. खांद्यावर दोन स्टार. बरेचसे तपास यांच्याकडं असतात. त्यावर सहायक पोलीस निरीक्षक (एपीआय) आणि पोलीस निरीक्षक (पीआय). या दोघांनाही तीन स्टार असतात, म्हणून नुसते स्टार मोजून फसू नका. मोठ्या ठाण्याला पीआय आणि लहान ठाण्याला बहुधा एपीआय प्रभारी असतात. हद्दीतली शांतता, कोणता तपास कोणाकडं द्यायचा, कोठडीतल्या आरोपीची सुरक्षितता आणि अटक केलेल्याला २४ तासांच्या आत न्यायालयापुढं उभं करणं, ही जबाबदारी प्रभारींवर येते.

ठाण्याच्या वर
तीन-चार ठाणी किंवा जास्त मिळून एक उपविभाग होतो. त्याचे प्रमुख उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो. त्यांनाही तीनच स्टार, पण खाली रंगीत फीत नसते. सगळ्या जिल्ह्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक म्हणजे एसपी, आणि त्यांच्या मदतीला अपर पोलीस अधीक्षक. एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, एसपींच्या हाताखाली चालते. एसपींच्या वर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक (आयजी) आणि राज्याला पोलीस महासंचालक.

आता मुद्द्याची गोष्ट
१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. प्रभारी अधिकारी ठाण्यात नसतील किंवा आजारी असतील, तर त्यांच्या खालोखाल हुद्द्याचा जो अधिकारी ठाण्यात हजर आहे, तो त्या वेळेपुरता प्रभारी असतो. फक्त तो शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा हवा. म्हणजे साहेब बंदोबस्ताला गेले आणि ठाण्यात हवालदार बसलेत, तर तक्रार घ्यायची जबाबदारी त्या हवालदारांची. तेव्हा भांडू नका. शांतपणे विचारा, "आत्ता प्रभारी कोण आहेत?"

हेही लक्षात ठेवा:

• दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात.

• ऑनलाइन खबर दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

• एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. मागून घ्या.

• चोरीच्या मालाची किंमत ५ हजारांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो, म्हणजे नुसती एनसी. मग न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून केबल, मोटार, स्टार्टर यांची बिलं जपून ठेवा आणि तक्रारीत खरी किंमत लिहा. वाढवून लिहू नका.

• तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

तरी नोंद घेतली नाही तर?
संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणं तक्रार लिहून पोस्टानं एसपींना पाठवा. स्पीड पोस्ट करा, पावती ठेवा. दखलपात्र गुन्हा दिसला तर एसपी स्वतः तपास करतात किंवा हाताखालच्या अधिकाऱ्याला आदेश देतात. तिथंही काही झालं नाही तर तालुक्याच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करता येतो. त्याला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, तेव्हा वकिलाची मदत घ्या. जीवावरचा प्रसंग असेल तर कागदात वेळ घालवू नका, सरळ ११२ डायल करा.

एक गोष्ट पोलिसांच्या बाजूनंही सांगतो. एका ठाण्याला चाळीस-पन्नास गावं आणि माणसं मोजकी, त्यात यात्रा, मोर्चे, निवडणुका. त्यांनाही ताण आहे. पण आपण तारीख, वेळ, वस्तू आणि किंमत असा नीट लिहिलेला कागद घेऊन गेलो, तर त्यांचं काम सोपं होतं आणि आपला हेलपाटा वाचतो. माझी केबल काही सापडली नाही. पण चौथ्या दिवशी एफआयआरची प्रत हातात घेऊनच मी घरी आलो.