मनाईची सबब

आमच्या आळीत राहणारा एक तरुण गेली सहा वर्षे जुन्या पुस्तकांच्या फेरविक्रीवर आपला प्रपंच चालवीत आला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जे ढीग पडतात, आणि पेठापेठांतील रद्दीच्या दुकानांत जी गाठोडी येतात, त्यांपुढे उकिडवे बसून, कसर लागलेली व पाने सुटलेली पुस्तके बाजूस सारीत, एखादी धड प्रत हाती लागली की ती घरी आणावी, मऊ फडक्याने तिची धूळ पुसावी, उसवलेला कणा खळीने सांधावा, मुखपृष्ठाचे आणि डागाळलेल्या पानाचेही छायाचित्र काढून ती ऑनलाइन बाजारात मांडावी, आणि मागणी आली की खाकी कागदात बांधून रवाना करावी, असा त्याचा नेम. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्याने मोबाइल उघडला, तो त्याचे दुकान नाहीसे झाले होते. मालाच्या अस्सलपणाविषयी तक्रार आल्यामुळे खात्यावर निर्बंध घातला आहे, गेल्या ३६५ दिवसांतील खरेदीची बिले सादर करावीत, तोवर खात्यावरील रक्कम अडवून ठेवण्यात येईल, एवढाच मजकूर आला होता. तक्रार कोणत्या पुस्तकाची, कोणी केली आणि काय म्हणून केली, याचा त्यात उल्लेख नव्हता. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, रद्दीवाला तागडीत टाकून किलोवर पुस्तके देतो. त्याच्याकडे बिल कुठले? आणि बिल नाही म्हणजे मी चोर, असंच ना?"

त्याच्या या प्रश्नाने मला बाजाराच्या इतिहासाकडे वळविले. कारण हा प्रश्न त्याच्या हातातील यंत्राइतका नवा नाही. दुसऱ्याकडून घेतलेला माल तिसऱ्याला विकणाऱ्या माणसाकडे सत्तेने संशयाने पाहावे, आणि त्याने आपल्या मालाची शुद्धता सिद्ध करावी, ही रीत फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कंटकशोधन' नावाचे जे अधिकरण आहे, त्यात व्यापाऱ्यांची गणना, चोर हे नाव न लावलेल्या चोरांमध्ये केलेली आढळते. आणि त्याच अधिकरणात बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना आरंभीच जुन्या वस्तूंचा विषय घेतलेला आहे. ज्याची मालकी शुद्ध ठरली असेल, असाच जुना माल त्याने बाजारात विकू वा गहाण ठेवू द्यावा, असा तेथे दंडक आहे. देशी मालावर शेकडा ५ आणि परदेशी मालावर शेकडा १० एवढाच नफा व्यापाऱ्यास घेऊ द्यावा, असेही पुढे म्हटले आहे. रद्दीच्या ढिगातून पुस्तक उचलणाऱ्या आमच्या तरुणाकडे आज जे बिल मागितले जाते, ते या मालकीशुद्धीचेच आधुनिक रूप होय. मागणीत अन्याय नाही. चोरीचा आणि बनावट माल बाजारात येऊ नये, हे ग्राहकाच्या आणि प्रामाणिक विक्रेत्याच्याही हिताचे आहे. अन्याय कोठे सुरू होतो, हे पाहावयाचे तर बाजाराच्या धन्याने ही सत्ता कशी वापरली, याकडे वळले पाहिजे.

इंग्लंडात फेरविक्री हा काही शतके प्रत्यक्ष गुन्हाच होता. १५५२ च्या कायद्याने तीन अपराधांच्या व्याख्या केल्या : बाजाराकडे येणारा माल वाटेतच गाठून विकत घेणे, उभे पीक वा धान्य पुन्हा विकण्यासाठी घाऊक उचलणे, आणि एका बाजारात घेतलेले धान्य वा खाद्यपदार्थ त्याच बाजारात किंवा चार मैलांच्या आतील दुसऱ्या बाजारात पुन्हा विकणे. यांतील तिसऱ्या अपराधास 'रिग्रेटिंग' म्हणत. या निर्बंधामागे दुष्काळाचे खरे भय होते, हे विसरून चालणार नाही. ज्या गावात भाकरी महागली की माणसे मरत, तेथे मधल्या हाताविषयी लोकांच्या मनात विष साचावे हे स्वाभाविक होते. १७७२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि १७७६ मध्ये ॲडम स्मिथने या लोकभयाची तुलना चेटकिणींच्या भयाशी केली. तरीही जुन्या रूढ कायद्याचा आधार घेऊन १८०० साली लंडनमध्ये रस्बी नावाच्या धान्यव्यापाऱ्यावर खटला उभा राहिला. ४१ शिलिंगांच्या भावाने घेतलेल्या ओटपैकी काही त्याने त्याच दिवशी, त्याच बाजारात, ४४ शिलिंगांनी विकले, हा त्याचा अपराध. पंचांनी त्याला दोषी ठरविले आणि संतप्त जमावाने त्याच्या घरावर हल्ला केला. परंतु असा काही गुन्हा कायद्यात उरला आहे काय, याविषयी पुढे न्यायाधीशांतच मतभेद झाला आणि शिक्षा अमलात आली नाही. १८४४ मध्ये हे अपराध कायमचे रद्द करण्यात आले. रस्बीची हकीकत वाचताना मला एक गोष्ट विशेष जाणवते. लोक त्याच्यावर कितीही खवळलेले असोत, त्याच्यावरील आरोप उघड वाचला गेला. किती ओट, कोणत्या दिवशी, कोणत्या भावाने, हे त्याला ठाऊक होते आणि म्हणूनच त्याला उत्तर देता आले.

त्याच देशातील जत्रांमध्ये आणखी एक संस्था वाढली होती, तिची आठवण येथे अगत्याने केली पाहिजे. गावोगाव हिंडून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांचे पाय धुळीने माखलेले असत, म्हणून त्यांच्या कज्ज्यांसाठी जत्रेच्या जागीच भरणाऱ्या न्यायसभेला 'धूळभरल्या पायांचे न्यायालय' असा अर्थ असलेले फ्रेंच नाव पडले. मालाविषयी, मापाविषयी, उधारीविषयी तंटा उपस्थित झाला की तेथे व्यापारीच पंच म्हणून बसत, आणि परगावचा माणूस जत्रा उठल्यावर हाती लागणार नाही हे जाणून निकालही झटपट, पुष्कळदा दीड दिवसाच्या आत, देत. अठराव्या शतकातील विधिवेत्ता ब्लॅकस्टोन याने या न्यायालयाला सर्वांत खालचे आणि त्याचबरोबर सर्वांत त्वरित न्याय देणारे म्हणून गौरविले आहे. फिरत्या विक्रेत्यास विलंब हीच शिक्षा असते, हे त्या काळच्या लोकांना नेमके उमगले होते.

आपल्याकडेही पेठ वसविताना राज्यकर्ता नुसता हुकूम सोडीत नसे. तो कौल देत असे. अमुक वर्षे अमुक कर माफ, वहिवाटीस उपद्रव होणार नाही, निर्धास्तपणे येऊन उदीम करावा, असे अभयवचन कागदावर दिल्यावाचून उदमी नव्या जागी बिऱ्हाड हलवीत नसत. पेठेत शेटे आणि महाजन हे वतनदार असत. दुकानदारांकडून त्यांना हक्क मिळे आणि त्या बदल्यात नवे व्यापारी आणणे, त्यांची वास्तपुस्त करणे, तंटे मिटविणे ही जोखीम त्यांच्या शिरावर असे. कोतवालाकडे भाव व वजनमापांवरील नजर होती. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणणार नाही; कोतवालांच्या जुलमाच्या कहाण्या पुण्याला नव्या नाहीत. तथापि कौल हा दोन बाजूंचा करार आहे, उदम्याने नेकीने धंदा करावा आणि सरकारने त्याला अकारण उठवू नये, ही कल्पना तिच्या मुळाशी होती.

आता विसाव्या शतकाच्या अखेरीस जो नवा बाजार उभा राहिला, त्याच्याकडे पाहू. सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिड्यार याने पुढे 'ईबे' म्हणून प्रसिद्धी पावलेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, आणि तेथे आरंभी विकलेल्या वस्तूंत त्याचाच एक मोडका लेझर पॉइंटर होता, जो १४.८३ डॉलरला गेला. या बाजाराचा जन्मच जुन्या वस्तूच्या विक्रीतून झाला. १९९६ मध्ये त्याने ग्राहक व विक्रेते यांनी एकमेकांविषयी उघड अभिप्राय द्यावेत अशी सोय केली. चांगल्यास एक अधिक, वाइटास एक उणे, आणि बेरीज उणे ४ वर आली की खाते बंद. हा निर्बंध कठोर होता, परंतु कोण काय म्हणाले हे सर्वांस दिसत होते. ती एक प्रकारची पंचायतच होती. बाजार फुगला तशी ही पंचायत मागे पडली. २००८ मध्ये विक्रेत्याने ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय देण्याची मुभा काढून घेण्यात आली, आणि निर्णयाचे काम हळूहळू आकडे मोजणाऱ्या यंत्रांकडे व न दिसणाऱ्या कारकुनांकडे गेले.

नोव्हेंबर २००० मध्ये ॲमेझॉनने त्रयस्थ विक्रेत्यांचा माल आपल्या मालाशेजारी, एकाच पानावर, मांडण्यास प्रारंभ केला. नव्या पुस्तकाच्या किमतीखालीच जुन्या प्रतीची किंमत दिसू लागली, आणि अमेरिकेतील लेखकांच्या व प्रकाशकांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. पण ग्राहकाला ती सोय आवडली. या सामाईक पानातच विक्रेत्यांच्या संकटाचे बीज होते. एकाच पानावर दहा जण माल विकत असता एकाने बनावट प्रत पाठविली तर झळ सर्वांना लागते, आणि म्हणून बाजाराचा धनी आधी खाते बंद करतो व मग पुरावा मागतो. पुढे यातून अर्ज-विनंतीची एक ठराविक पद्धत रूढ झाली, जिला जगभरचे विक्रेते 'प्लॅन ऑफ ॲक्शन' म्हणतात. तिची तीन अंगे आहेत : चूक कशामुळे घडली, ती निस्तरण्यासाठी काय केले, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय तजवीज केली. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत सांगावयाचे तर पहिली दोन अंगे म्हणजे कैफियत आणि तिसरे म्हणजे मुचलका. मात्र आमच्या दप्तरात कैफियत मागण्यापूर्वी फिर्याद ऐकविली जात असे. येथे माणसाने न सांगितलेल्या फिर्यादीची कैफियत द्यावयाची असते.

या विषमतेविरुद्ध दाद लागली ती प्रथम युरोपात. जर्मनीच्या स्पर्धा-नियामकाने चौकशी आरंभिल्यावर जुलै २०१९ मध्ये ॲमेझॉनने विक्रेत्यांबरोबरच्या कराराच्या अटी बदलण्याचे मान्य केले. तोवर कारण न देता तत्काळ खाते बंद करण्याचा जो अमर्याद अधिकार तिने राखून ठेवला होता, त्याच्या जागी करार संपविताना ३० दिवसांची पूर्वसूचना आणि निर्बंध घालताना कारण, ही दोन बंधने आली. १२ जुलै २०२० पासून युरोपीय संघात लागू झालेल्या नियमाने हेच तत्त्व सर्व ऑनलाइन बाजारांना लावले : निर्बंधाची सबब लेखी सांगावी, कायमचे काढून टाकावयाचे तर सामान्यतः ३० दिवस आधी कळवावे, आणि मोठ्या बाजारांनी तक्रार ऐकण्याची अंतर्गत सोय ठेवावी.

आपल्या देशात फेरविक्रेत्याच्या बाजूने न्यायालयांनी मोलाचे शब्द उच्चारलेले आहेत. अस्सल माल एकदा विकला गेला की तो पुढे विकण्यास व्यापारचिन्हाचा मालक सरसकट मनाई करू शकत नाही, या दिशेने दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सॅमसंगच्या आयात मालासंबंधी निर्णय दिला, आणि जानेवारी २०२० मध्ये ॲमवेच्या मालाच्या ऑनलाइन फेरविक्रीवरील मनाई उठविली. २३ जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांचा भर मात्र, योग्यच, ग्राहकाच्या संरक्षणावर आहे. खाते गोठलेल्या छोट्या विक्रेत्याला त्यातून फारसा हात मिळत नाही. मला खेद वाटतो तो अशासाठी, की याच देशाने पदपथावरील विक्रेत्याला यापेक्षा उदार वागणूक देऊन दाखविली आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाप्रमाणे म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून विक्रेत्याचे प्रमाणपत्र रद्द करता येत नाही. त्याला जागेवरून उठवावयाचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद खुद्द विक्रेते असावे लागतात. प्रत्यक्षात हा कायदा जागोजाग पायदळी तुडविला जातो, हे खरे; पण तुडविला जातो असे म्हणण्याला तरी आधार आहे. पदपथावर चादर पसरून पुस्तके विकणाऱ्याला जे हक्क आहेत, ते तीच पुस्तके पडद्यावर विकणाऱ्याला नसावेत, याचे समर्थन मला सापडत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे कैफियत लिहावयास बसलो. भावाच्या नावाने दुसरे खाते उघडावे, असा विचार त्याच्या मनात आला होता. पण बंद खात्याशी जोडलेले दुसरे खाते सापडले की दोन्ही जातात, असे त्याच धंद्यातील जाणत्यांचे सांगणे असल्याने तो आम्ही सोडून दिला. चढा सूर टाळला. माल जुना आहे हे प्रत्येक पानावर ठळक लिहीन, डाग आणि फाटणे लपविणार नाही, आणि प्रत्येक खरेदीची नोंद ठेवीन, एवढे मुद्दे लिहिले. उत्तर आले ते ठराविक मजकुराचे. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर आले. तीन अर्जांनंतर, पाचव्या आठवड्यात, खाते उघडले गेले. बंद का केले होते, हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. मधल्या काळात मागण्या गेल्या, रक्कम अडकली, आणि घरभाड्यासाठी त्याला उसनवारी करावी लागली.

परंतु त्याने दिलेला मुचलका पाळला. लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबोळी वही त्याने आणली आहे, आणि तिच्यात तारीख, ठिकाण, वजन, दर, दिलेली रक्कम आणि शेवटी देणाऱ्याची सही, अशी रोजची कीर्द तो घालतो. पहिल्या दिवशी रद्दीवाला हसला होता. आता तराजू खाली ठेवताच तोच वहीसाठी हात पुढे करतो. आपल्या मालाची रुजवात घालून देण्याची जी अट कौटिल्याच्या काळापासून व्यापाऱ्यावर आहे, ती या तरुणाने आपल्या परीने पुरी केली. कौलाची दुसरी बाजू, म्हणजे मनाई करावयाची तर तिची सबब सांगण्याची आणि म्हणणे ऐकून घेण्याची, ती मात्र बाजाराच्या धन्याकडून अजून येणे बाकी आहे.