हाताशी आले ते, हाताला ठाऊक ते

प्रस्तावना

टोरोंटोची मेट्रो वायव्येकडे जिथे संपते, ते वॉन. तिथले स्थानक डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. गेल्या हिवाळ्यात या शहरातल्या एका जपानी-पेरुवियन रेस्टॉरंटात आम्ही चौघे मराठी मित्रमैत्रिणी जेवायला बसलो होतो. आधी ‘काउसा’ आली. उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात लिंबू आणि ‘आही आमारियो’ ही पेरूची पिवळी मिरची, वर कच्च्या माशाचे पातळ काप. मैत्रिणीने एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर वड्याचं सारण! फक्त गार झालंय.” दुसऱ्या मित्राची त्या दिवशी एकादशी होती. त्याने बराच वेळ मेनू चाळून तळलेला कसावा मागवला. “साबुदाणा याचाच ना होतो? मग हा चालतो,” असा निर्वाळा त्याने स्वतःच देऊन टाकला.

दोन्ही शेरे थट्टेतले होते. पण स्थलांतरितांच्या स्वयंपाकाचा इतिहास या अभ्यासक्षेत्राचा पहिला धडा त्यांत येऊन गेला होता. बटाट्याचे मूळ घर अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हियाच्या परिसरात. साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणाही तिथलाच आणि मिरचीही त्याच गोलार्धातली. साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन एकेक जिन्नस त्याच्या माहेरी परत धाडला, तर बशीत तूप, जिरे आणि मीठ उरेल. उपासाला धान्य वर्ज्य. सोळाव्या शतकापासून पुढे समुद्रमार्गे आलेले हे कंद आणि दाणे धान्यांच्या जुन्या यादीत नव्हतेच, म्हणून ते मुकाट्याने सोवळ्यात शिरले असावेत. आपण ज्याला अगदी आपले, परंपरेचे समजतो तेच कधी कधी सर्वांत दुरून आलेले असते. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने हा धक्का आधी पचवावा.

आता त्या मेनूवरच्या ‘फ्यूजन’ या शब्दाकडे वळू. एखाद्या आचाऱ्याने गंमत म्हणून दोन देशांचे नकाशे एकमेकांवर ठेवले, असे त्यातून वाटते. प्रत्यक्षात या स्वयंपाकामागे ऊस आहे. पेरूने १८५४ मध्ये गुलामगिरी रद्द केली. किनाऱ्यावरच्या उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. काही दशके ते चीनमधून करारावर आणले गेले. ती वाट १८७४ मध्ये बंद झाली. ३ एप्रिल १८९९ रोजी ‘साकुरा मारू’ हे जहाज ७९० जपानी मजूर घेऊन कायाओ बंदराला लागले. मळ्यावरचे हाल सोसून करार संपल्यावर, काहींनी तर त्याआधीच पळ काढून, लिमा गाठले. तिथे कुणी केशकर्तनालय काढले, कुणी छोटी खानावळ. खानावळीत गिऱ्हाईक पेरूचे आणि जिन्नस पेरूचे. फक्त चुलीपुढचा हात जपानी.

त्या हाताला मासा ठाऊक होता. पेरूचा ‘सेविचे’ म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. तो पूर्वी तासन्‌तास मुरत ठेवत. ताजा मासा जवळजवळ कच्चाच खाणाऱ्या जपान्यांनी ती वेळ मिनिटांवर आणली. माशाचे चौकोनी तुकडे करण्याऐवजी त्यांनी साशिमीसारखे पातळ काप केले, वरचा कांदा काढला, मिरचीचा रस ओतला आणि ‘तिरादितो’ झाला. कायाओच्या रोसिता यिमुरा यांनी ऑक्टोपसवर ऑलिव्हचा जांभळट सॉस घातला. ती थाळी आज साऱ्या पेरूची मानली जाते. या स्वयंपाकाला ‘निक्केई’ हे नाव मात्र बरेच उशिरा, १९८० च्या दशकात मिळाले. त्याचे श्रेय पेरूचे कवी रोदोल्फो इनोस्त्रोसा यांना देतात. नोबू मात्सुहिसा हे आज जगभर पोचलेले नाव. तेही १९७३ मध्ये तरुणपणी लिमाला गेले आणि तिथल्या बाजारात मिळेल त्यावर काम करायला शिकले. २०२५ मध्ये लिमाचे ‘माइदो’ जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले आले.

एवढ्यावर थांबलो, तर ही गोष्ट सुखान्त होते आणि अपुरी राहते. मे १९४० मध्ये लिमात जपान्यांची दुकाने आणि घरे लुटली गेली. महायुद्धात पेरूतून सुमारे १,८०० जपानी वंशाच्या माणसांना उचलून अमेरिकेतल्या छावण्यांत धाडण्यात आले. कॅनडानेही वेगळे काही केले नाही. १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरून सुमारे २२,००० जपानी कॅनेडियनांना हलवण्यात आले आणि १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतायला मज्जाव होता. युद्धानंतर त्यांतले अनेक जण टोरोंटोकडे आले. म्हणजे वॉनमध्ये बसून आम्ही ज्या चवीला दाद देत होतो, ती चव आणणाऱ्या माणसांना दोन्ही देशांनी एकेकाळी परके ठरवले होते. पदार्थ स्वीकारला म्हणजे माणूस स्वीकारला असे नव्हे. हा या अभ्यासाचा दुसरा धडा आणि पहिल्यापेक्षा कडू.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटायचे कारण नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. तंजावरच्या भोसल्यांच्या काळातला स्वयंपाक, मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायलींचा स्वयंपाक, गोव्यातला व्हिनेगर घातलेला विंदालू आणि पोर्तुगीज ‘पांव’वरून आलेला आपला पाव, हे सगळे याच अभ्यासाचे धडे. ज्या पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला, त्यांच्याकडूनच जपानने तेंपुराची रीत उचलली, असे मानतात.

नव्याने येणाऱ्याला एक सावधगिरीही सांगायला हवी. या क्षेत्रात दंतकथा फार. सांबाराचे नाव संभाजी महाराजांवरून पडले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो; तिला समकालीन कागदाचा आधार नाही. ‘पेरू’ हे फळाचे नाव त्या देशावरून आले असे सहज वाटते. पण पोर्तुगिजात ‘पेरा’ म्हणजे नासपती आणि कोकणीत याच फळाला ‘पेर’ म्हणतात, हे कळले की खात्री डळमळते. चव ही साक्ष आहे, पुरावा नव्हे. पुरावा जहाजावरच्या यादीत असतो, मळ्याच्या हिशेबवहीत, वाण्याच्या बिलात, आजीच्या वहीतल्या खाडाखोडीत. सिडनी मिंट्झ यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात एकट्या साखरेचा माग काढत मळे, मजूर आणि इंग्रज कामगाराचा चहाचा पेला एका सूत्रात ओवले. के. टी. अचया यांनी १९९४ मध्ये भारतीय अन्नाचा असाच मोठा पट मांडला. ही दोन पुस्तके जवळ असली की मग कुठल्याही ताटापासून सुरुवात करता येते.

माझी स्वतःची भूमिका थोडक्यात अशी: हाताशी काय आले आणि हाताला काय ठाऊक होते, या दोहोंच्या तडजोडीतून स्थलांतरिताचा पदार्थ जन्मतो. हौस नंतर येते, नाव त्याहून नंतर आणि मेनूकार्ड सर्वांत शेवटी.

याची ताजी उदाहरणे शोधायला लिमाला जावे लागत नाही. वॉनमध्ये, विशेषतः वुडब्रिज भागात, इटालियन वस्ती मोठी आणि जुनी. त्यामुळे इथे रिकोटा चीज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. खवा मिळत नव्हता तेव्हा उत्तर अमेरिकेतल्या आपल्या बायकांनी हेच रिकोटा दुधाच्या पावडरीबरोबर आटवून पेढे वळले. पॅनकेकच्या तयार पिठाचे गुलाबजाम केले. सावर क्रीम घालून श्रीखंड जमवले. गणपतीच्या आरतीनंतर हे हातोहात संपले आणि कुणी त्याला फ्यूजन म्हटले नाही. त्या रात्री जेवण उरकताना आमची मैत्रीण म्हणाली, “माझ्या मुलीला रिकोटाचेच पेढे खरे वाटतात. पुण्याहून आणलेले तिला आवडले नाहीत.” निक्केई स्वयंपाकाची दुसरी पिढीही अशीच कुठल्याशा ताटावर सुरू झाली असणार.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक वाचकाला माझी एक विनंती आहे. ग्रंथ उघडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत आधी परदेशी किंवा परमुलखात गेलेल्या बाईपाशी बसा. पहिल्या वर्षी तिला काय मिळाले नाही, त्याच्या जागी तिने काय घातले, ते कुठल्या दुकानातून आणले आणि पहिल्यांदा खाऊन कोण काय म्हणाले, हे विचारा. तारीख घालून लिहून ठेवा. या विषयातली पुष्कळ साधने अजून कुठल्याच दप्तरखान्यात नाहीत. ती तिच्या आठवणीत आहेत.