रौप्यालंकार, हस्तनिर्मित (उमरखेड परिसर)

रौप्यालंकार, हस्तनिर्मित : चांदीची तार व पत्रा यांपासून राहत्या घराच्या ओसरीवर, मोजक्या हत्यारांनी दागिने घडविण्याची कारागिरी. महाराष्ट्रातील सोनारांमध्ये ती पूर्वापार रूढ आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे तालुक्याचे ठिकाण पैनगंगेच्या खोऱ्यात, विदर्भ व मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेले आहे. पुसद–उमरखेड भागात शेतकरी समाजांबरोबरच बंजारा, आंध, गोंड यांचीही वस्ती असून त्यांच्या स्त्रियांचे पारंपरिक अलंकार मुख्यत्वे चांदीचे असत. सोने पायात घालू नये, या संकेतामुळे तोडे, वाळे, पैंजण, जोडवी हे अलंकार सधन घरांतही चांदीचेच होत. सरी, वाकी, करगोटा तसेच बंजारा स्त्रियांच्या घुगरी, टोपली, हांसली यांनाही हीच धातू लागे.

हत्यारे व कृती : ऐरण, हातोड्या, सांडशी, चिमटा, कानस, कातर, ठसे, मूस, कोळशाची बागेसरी, फुंकण्यासाठी बाकनळी आणि तार ओढण्यासाठी लहानमोठ्या छिद्रांची पोलादी पट्टी (जंतर) एवढ्यावर काम भागते. शुद्ध चांदी सु. ९६२° से. तापमानास वितळते, हे तापमान लोणारी कोळसा व भाता यांनी गाठता येते. शुद्ध चांदी मऊ असल्याने तीत थोडे तांबे मिसळतात. ओतलेली कांब ठोकून बारीक करतात व क्रमाने लहान छिद्रांतून ओढतात. ओढताना तार ताठर व ठिसूळ होत जाते. म्हणून ती अधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावी लागते. रव्यांच्या नक्षीसाठी तारेचे समान तुकडे कोळशावर वितळवितात. पृष्ठताणामुळे प्रत्येक तुकडा आपोआप गोल होतो. सांध्यावर चांदी व पितळ यांच्या मिश्रणाचे डाख टाकणखारासह ठेवून बाकनळीने ज्योत नेमकी तेथेच वळवितात. डाख दागिन्याच्या धातूपेक्षा कमी तापमानास वितळते; मात्र ज्योत क्षणभर अधिक रेंगाळल्यास दागिनाच वितळतो. पोकळ तोड्यांत लाख भरून त्यांना बळकटी आणतात. शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळून व रिठ्याने घासून दागिना उजळतात.

नाणे व दागिना : या कारागिरीचा इतिहास रुपयाच्या नाण्याशी निगडित आहे. १८३५ पासून प्रचलित झालेला कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा (सु. ११.६६ ग्रॅ.) वजनाचा असून त्यात अकरा-द्वादशांश शुद्ध चांदी होती. कस ठाऊक असलेले आणि घरात उपलब्ध असलेले हे नाणे दागिन्यांसाठी सोयीचा कच्चा माल ठरले. गिऱ्हाइकाने मोजून दिलेले रुपये सोनार वितळवी आणि तितक्याच रुपयांच्या भाराशी तयार दागिना तोलून देई. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढून वऱ्हाडात रोख चांदी आली. पुढे मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. रेल्वेच्या प्रसारामुळे बंजाऱ्यांची मालवाहू बैलांवरील वाहतूक मावळत गेली व तांडे स्थिरावले.

बँक नसलेल्या गावात अंगावरचा दागिना हीच स्त्रीची स्वतःची ठेव होती. १८७६–७८ च्या दुष्काळात पश्चिम व दक्षिण भारतातून चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टाकसाळीत जाऊन त्यांचे रुपये झाले. नाण्याचा दागिना व दागिन्याचे नाणे हे चक्र १८९३ मध्ये तुटले. त्या वर्षी सरकारने टाकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. रुपयाचे मूल्य कृत्रिम रीत्या टिकले, चांदीचे मात्र उतरले; त्यामुळे पूर्वी रुपये आटवून केलेला दागिना विकताना तितके रुपये परत येईनात. त्यानंतर लवकरच आलेल्या १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत ही घट गरीब कुटुंबांना सोसावी लागली. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली व १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. तेव्हा नाण्याचा कच्चा माल म्हणून असलेला उपयोगही संपला.

घडणावळीचा प्रश्न : दागिना गहाण पडताना वा मोडीत निघताना केवळ वजन व कस पाहिला जातो, घडणावळ हिशेबात येत नाही. नवा दागिना करण्यासाठीही जुना आटविण्याची प्रथा आहे. त्यामुळे ज्या अडचणीच्या वर्षी दागिन्याने कुटुंब तारले, त्याच वर्षी त्याची घडण नष्ट झाली. ग्रामीण चांदीकामाचे जुने नमुने मूर्ती व नाण्यांच्या मानाने दुर्मिळ असण्याचे हे प्रमुख कारण होय. हत्यारांत मूस सर्वांत साधी. पण नक्षीचा इतिहास तिनेच पुसला.

आधुनिक काळ : कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथे चांदीकाम विसाव्या शतकात मोठा व्यवसाय बनले. तेथेही बरेचसे काम घरोघरी होते. तार, घुंगरू, जोडकाम अशी त्याची विभागणी असून त्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मात्र गॅसची ज्योत व विजेवरील यंत्रे यांनी बाकनळी व जंतर मागे टाकले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने २००५ मध्ये चांदीसाठी हॉलमार्क योजना सुरू केली. तिच्यामुळे ग्राहकाला कसाची हमी मिळते. हाताच्या घडणीचे मोल ठरविणारे तसे प्रमाण मात्र बाजारात नाही.