बेलें (लिस्बन)

बेलें : पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील तॅगस नदीच्या उत्तर काठावरचा ऐतिहासिक भाग. शहराच्या मध्यापासून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने सुमारे ६ किमी. अंतरावर तो आहे. येशूच्या जन्मगावाचे, बेथलेहेमचे, हे पोर्तुगीज रूप. वास्को द गामाची जहाजे ८ जुलै १४९७ रोजी येथूनच हिंदुस्थानच्या शोधात निघाली. पुढे त्या जलमार्गाने आणलेली संपत्ती येथल्या दगडांतून बोलू लागली. म्हणून गोव्याच्या किंवा कोकणच्या माणसाने बेलें पाहणे म्हणजे आपल्याच इतिहासाची दुसरी बाजू पाहणे होय.

सर्वाधिक वेळ द्यावा तो झेरॉनिमुश मठाला. राजा पहिला मनुएल याने १५०१ च्या सुमारास काम सुरू केले. ते पुरे व्हायला जवळजवळ शतक लागले. खर्चाचा मोठा भाग आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावरील ५ टक्के करातून आला. मनुएलीन शैलीच्या या वास्तूत फिकट चुनखडीवर पिळाचे दोर, समुद्रवनस्पती आणि खगोलगोल कोरले आहेत. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचा दरवाजा ज्याने पाहिला आहे, त्याला ही शैली चटकन ओळखू येईल. १७५५ च्या भूकंपात लिस्बन उद्ध्वस्त झाले, पण मठ बहुतांशी टिकला. चर्चमध्ये शिरताच दोन समाध्या दिसतात : एक १५२४ मध्ये कोचीत वारलेल्या गामाची, दुसरी काही वर्षे गोव्यात काढलेल्या कवी कामोंइशची. तेवढ्यावर परतू नये; दुमजली ओवऱ्यांनी वेढलेले अंगण हेच मठाचे खरे सौंदर्य. कवी फर्नांदु पेसोआ याच्या अस्थी १९८५ मध्ये तेथे आणल्या गेल्या.

नदीकाठचे शोधयात्रा-स्मारक प्रथम १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते. १९६० मध्ये ते पक्के बांधले गेले. जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री आणि त्याच्यामागे खलाशी, नकाशाकार, धर्मोपदेशक अशी एकूण ३३ शिल्पे आहेत. शिल्पकाम उत्तम आहे. पण ते सालाझारच्या हुकूमशाहीतले स्मारक आहे, आणि ज्यांच्या भूमीवर राज्य केले त्यांना या जहाजात जागा नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

कलेसाठी बेलें सांस्कृतिक केंद्रातील आधुनिक कलासंग्रह आणि जुन्या वीजकेंद्राशेजारी २०१६ मध्ये उघडलेले ‘मात’ संग्रहालय आहे. राजघराण्याच्या बग्ग्यांचे संग्रहालय १९०५ पासूनचे. १८३७ पासून चालणाऱ्या दुकानातली अंड्याच्या मलईची पेस्ट्री गरमच खावी.

पश्चिम टोकाला बेलेंचा बुरूज (१५१४–१९) आहे. मठासह त्याला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवासी आत जाण्यासाठी रांग लावतात. त्याआधी बाहेरूनच, वायव्येकडील टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी नजर टाकावी. तेथे गेंड्याचे झिजलेले डोके आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकर्कला दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि २० मे रोजी, बुरुजाचे काम चालू असतानाच, लिस्बनला उतरला. राजाने तो पोपला नजराणा म्हणून धाडला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडात बांधलेला तो प्राणी बुडाला.