शेजारच्या कुत्र्याची आबाळ होतेय? त्याला दुसरं घर मिळवून देण्यासाठी काय करता येतं

पार्किंगच्या कोपऱ्यात आखूड साखळीला बांधलेला लॅब्राडोर, उपडं पडलेलं पाण्याचं भांडं आणि रात्री उशिरापर्यंत चालणारं भुंकणं. हे चित्र अनेक सोसायट्यांमध्ये आणि बंगल्यांच्या वस्त्यांमध्ये दिसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या आवाजाची तक्रार होते, त्याच्या हालांची क्वचितच. ज्यांना त्याची दया येते, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की कुत्रा दुसऱ्याचा असताना आपण काय करू शकतो?

मालकाने स्वतःहून, लेखी देऊन कुत्रा सोडला, तर बरंच काही करता येतं. नाही सोडला, तर मार्ग आहे, पण तो लांबचा आणि बेभरवशाचा आहे.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाणीबरोबर दुर्लक्षही गुन्हा मानलं आहे. प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, अवास्तव आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणं, सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हे सगळं त्यात येतं. कंटाळा आला म्हणून कुत्र्याला हायवेवर सोडून देणं, हासुद्धा याच कलमाखालचा गुन्हा आहे.

शिक्षा मात्र वाचून हसू येईल अशी. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला, तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं हे गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलीस एनसी नोंदवतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. मालक दोषी ठरला तर कलम २९ नुसार न्यायालय त्याच्याकडून प्राण्याची मालकी काढून घेऊ शकतं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर कुत्रा साखळीलाच असण्याची शक्यता जास्त.

म्हणून काही जण रात्रीतून कुत्रा सोडवून नेण्याचा विचार करतात. हेतू कितीही चांगला असला, तरी कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रा ही मालकाची मालमत्ता आहे. त्याला परवानगीशिवाय नेणं म्हणजे चोरी, आणि भारतीय न्याय संहितेत तिची शिक्षा आबाळ करणाऱ्या मालकाच्या शिक्षेपेक्षा कितीतरी जड आहे. कुत्रा परत त्याच साखळीला जातो, ते वेगळंच.

मालकाशी बोलायचं कसं?

खरं काम इथे आहे. आबाळ करणारा प्रत्येक मालक दुष्ट नसतो. हट्ट करून पिल्लू आणणारा मुलगा शिकायला बाहेरगावी गेलेला असतो, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असतं, नाहीतर डॉक्टरांचा आणि खाद्याचा खर्च झेपेनासा झालेला असतो. अशा घरात कुत्रा नकोसा झालेला असतो, पण तसं बोलून दाखवायची लाज वाटते. शेजाऱ्याने दारात उभं राहून ‘तुम्ही छळ करताय’ म्हटलं, की त्या लाजेचा राग होतो आणि दार बंद होतं.

त्यापेक्षा ‘काकू, संध्याकाळी मी याला फिरवून आणू का?’ हे वाक्य जास्त कामाचं. पंधरा दिवस रोज फिरवलं की तीन गोष्टी होतात. कुत्र्याला तेवढीच मोकळीक मिळते. त्याचा स्वभाव कळतो: लहान मुलांना घाबरतो का, दुसऱ्या कुत्र्यांवर धावतो का, खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का. नवं घर शोधताना ही माहिती फोटोपेक्षा महत्त्वाची असते. आणि ‘चांगलं घर मिळालं तर द्याल का?’ हे विचारण्याइतकी ओळख होते. बऱ्याचदा तोवर मालकच विषय काढतो.

हा प्रश्न एकट्यात विचारावा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये किंवा ग्रुपवर विचारला, तर इज्जतीचा प्रश्न होतो.

‘हो’ म्हटल्यावर काय?

होकार तोंडी ठेवू नये. साध्या कागदावर कुत्र्याचं वर्णन, तारीख, ‘मी माझ्या इच्छेने मालकी सोडत आहे’ असा मजकूर, मालकाची आणि दोन साक्षीदारांची सही घ्यावी. लसीकरणाचं कार्डही मागून घ्यावं. घरातल्या सगळ्यांची संमती आहे ना, हे विचारायला विसरू नये. महिन्याभराने मुलगा सुट्टीला येऊन ‘माझा कुत्रा कुठे?’ म्हणतो, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

त्यानंतर पशुवैद्याकडून तपासणी. गोचीड असतील तर रक्ततपासणी टाळू नये, कारण गोचिडांमुळे होणारा ताप वरून दिसत नाही आणि जिवावर बेतू शकतो. रेबीजची लस द्यावी. आणि शक्य असेल तर नसबंदी करूनच कुत्रा द्यावा. यामागे कारण आहे. ‘जातिवंत मादी, फुकट’ अशी जाहिरात दिसली की पिल्लांचा धंदा करणारेही फोन करतात. ‘आम्हाला मादीच हवी, ऑपरेशन झालेलं नको’ असा आग्रह धरणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. इथे चूक झाली, तर कुत्री एका साखळीवरून दुसऱ्या पिंजऱ्यात जाते.

घर बघायला स्वतः जावं. भाड्याचं असेल तर घरमालकाचं मत, दिवसभर घरी कोण असतं, गावी जाताना कुत्रा कुठे ठेवणार, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पाळीव कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, तो नव्या मालकाने आपल्या नावे घ्यावा.

नव्या घरातले पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. बावरलेला कुत्रा उघड्या दारातून निसटून जुन्या घराच्या ओढीने पळतो. फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याबरोबर छातीचा पट्टाही लावावा.

मालक ऐकतच नसेल तर?

तारीख-वेळेसह फोटो आणि व्हिडिओ जमवावेत, पण सार्वजनिक जागेतून किंवा स्वतःच्या घरातून. दुसऱ्याच्या आवारात शिरून नाही. ते जोडून पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. मुंबईत हे काम करणारी संस्था १८७४ पासून आहे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तिचंच. मारहाण करून कुत्र्याला जायबंदी केलं असेल किंवा विष घातलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि पोलिसांना थेट एफआयआर नोंदवता येतो. तक्रारीत जखमांचा स्पष्ट उल्लेख आणि पशुवैद्याचा दाखला असेल, तर ठाण्यातून ‘हे किरकोळ आहे’ म्हणून परत पाठवणं अवघड जातं.