वळवाच्या ढगाचें अंतरंग

वैशाखाच्या अखेरीस पाटणच्या खोऱ्यांत वळीव येतो तो बहुधा तिसऱ्या प्रहरीं. पावसापूर्वीं एकाएकीं गार वारा सुटतो, धूळ उठते, आणि शेतकरी गुरें आंत घेतो. हा वारा कोठून येतो, ह्याचें उत्तर खालून वर पाहणाऱ्यास मिळण्यासारखें नव्हतें.

तें रडारनें दिलें. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचीं विमानें हुडकणाऱ्या ह्या यंत्रावर पावसाचे प्रतिध्वनीही उमटत. सैनिकांस ती कटकट, हवामानशास्त्रज्ञांस मात्र घबाड! १९४६ सालीं फ्लोरिडांत व १९४७ सालीं ओहायोंत बायर्स, ब्रॅहम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडगडाटी ढगांवर रडार रोखलें व त्याच ढगांतून विमानेंही नेलीं. १९४९ च्या त्यांच्या अहवालानें दाखविलें कीं, वादळ म्हणजे एक अखंड ढग नव्हे, तें अनेक पेशींचें कुटुंब होय. पेशींत प्रथम हवा केवळ चढते. मग चढती व उतरती हवा शेजारीं शेजारीं वाहते. अखेरीस उतरतीच उरते व पेशी विरते. पावसाच्या बाष्पीभवनानें थंड व जड झालेली ती हवा भूमीवर आपटून चोहोंकडे पसरते. पाटणच्या शेतकऱ्याचा गार वारा तो हाच.

याहून नवलाची गोष्ट ९ जुलै १९५९ रोजीं इंग्लंडांत वोकिंगहॅमच्या गारपिटींत दिसली. ब्राउनिंग व लडलॅम ह्यांस वादळाच्या ऐन भरांत प्रतिध्वनिशून्य पोकळी आढळली. तेथें हवा इतक्या वेगानें चढत होती कीं थेंबांस मोठें होण्यास अवधिच नव्हता. जेथें रडारला कांहींच दिसत नाहीं तेथेंच चढाचा जोर अधिक, असला न्याय आम्हांस तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकांत भेटला नव्हता.

आपल्या देशांत थेंबांची गतीही सांगणारें डॉप्लर रडार प्रथम २००२ मध्यें चेन्नईस बसलें. मुंबईस तें येण्यापूर्वींच २६ जुलै २००५ उजाडला : सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि कुलाब्यास शंभरही नाहीं! पुढें पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें सातारा जिल्ह्यांतच, मांढरदेवच्या डोंगरावर, एक रडार उभारलें. जागा उंच निवडण्यास कारण होतें. वळवाचा ढग ताडमाड, तो दुरूनही दिसतो; सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाळी ढग बहुधा बुटके. दूरच्या रडारचा किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो, जवळच्याचा डोंगर अडवितो. २२ जुलै २०२१ रोजीं पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं, तो पाऊस वळवाचा नव्हता, ऐन आषाढांतला होता.