बेसिक ते पायथॉन : संगणकभाषेच्या शैक्षणिक प्रसाराचा मागोवा

भारतीय शाळांत संगणकभाषा प्रथम पोहोचली ती यंत्राच्या सोबतीने. केंद्र शासनाने 1984-85 मध्ये ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि पहिल्या वर्षी सुमारे 250 शाळांना ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक दिले. हे यंत्र सुरू होताच ‘बेसिक’ ही भाषा आज्ञेसाठी सिद्ध असे. बेसिकचा जन्म 1964 मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात झाला. तिचे जनक केमेनी व कर्ट्झ हे गणिताचे प्राध्यापक होते. परंतु विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. आपल्याकडे भाषा आली, हेतू मात्र मागेच राहिला. संगणक हा स्वतंत्र विषय ठरला, त्याची खोली वेगळी झाली आणि भूगोलाच्या वा अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तिच्याशी फारसे कर्तव्य उरले नाही.

पुढे गुइडो व्हान रॉसम यांनी 1991 मध्ये पायथॉन भाषा प्रसिद्ध केली. संगणकलेखन सर्वांना यावे, असा प्रस्तावही त्यांनी 1999 मध्ये अमेरिकेत मांडला. बेसिकच्या जनकांचाच हा विचार नव्या रूपात होता.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थात्मक आधार मिळाला तो आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पामुळे. केंद्राच्या शैक्षणिक अभियानाच्या निधीतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात पायथॉनची बाजू प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी, तर सायलॅबची बाजू प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी सांभाळली. पहिले वैमानिक अभियांत्रिकीचे, दुसरे रसायन अभियांत्रिकीचे; संगणकशास्त्र विभागाचे कोणीच नव्हे! प्रस्तुत लेखकास ही बाब निर्णायक वाटते. महागड्या परवान्यांच्या आज्ञावलींना मुक्त पर्याय देणे एवढ्यावर हा प्रकल्प थांबला नाही. प्रचलित पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून मानधन देऊन संगणकभाषेत लिहून घेण्यात आली आणि ती सर्वांस विनामूल्य खुली झाली. भाषेचे गुणगान करण्याऐवजी ती विद्यार्थ्याच्या ओळखीच्या पुस्तकात नेऊन ठेवली गेली.

याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ उपक्रमाने सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार केले. पडद्यावरील मजकूर इंग्रजी, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आंतरजालाविनाही ते पाहता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या, तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

तथापि पाठ ऐकणे निराळे आणि आपल्या विषयात भाषा वापरणे निराळे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने माध्यमिक टप्प्याआधीच संगणकलेखनाची ओळख सुचविली आहे; मात्र ती पुन्हा संगणकाच्या तासिकेतच अडकली, तर 1984 चाच अनुभव पदरी येईल. दिग्रसपुरते बोलायचे तर अरुणावती धरणाच्या परिसरातील पर्जन्याच्या नोंदी भूगोल विभागाने आणि कापसाच्या बाजारभावांच्या नोंदी वाणिज्य विभागाने पायथॉनमध्ये मांडून पाहाव्यात. त्यासाठी एक जुना संगणकही पुरेसा आहे. विद्यार्थ्यासोबत त्या संगणकापुढे त्या विषयाचा प्राध्यापक बसलेला हवा.